सारख्या वेगाचे छर्रे

आमच्या ह्यांना दोन वस्तू एकमेकींसारख्या दिसल्या की बरं वाटतं. आंबा बागायतदाराचा जन्म, त्याला इलाज नाही. पाच डझनी पेटीत सगळी फळं एका अंगाची बसली पाहिजेत. वरच्या थराला मोठी आणि तळाला बारकी, असला धंदा ह्यांनी कधी केला नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच मोसमात मी हौसेने एक पेटी भरली, तर त्यातलं एक फळ हलकं लागलं म्हणून ह्यांनी पेंढ्यासकट सगळी पेटी उपसली आणि पुन्हा भरली. तराजू नाही, काही नाही. फळ नुसतं तळहातावर घेतलं की ह्यांना वजन कळायचं. मी चिडले होते आणि खरं सांगायचं तर थोडी भाळलेही होते. त्यानंतर इतकी वर्षं पेट्या हेच भरत आले. गेल्या मोसमात मात्र ह्यांनी मला पाटावर बसवलं, म्हणाले, तू भर, आणि मी भरलेली एकही पेटी उपसली नाही. नोकरीतून निवृत्त झाल्यावर का होईना, मी पास झाले म्हणायची.

मी शाळेत मराठी शिकवायचे. माझ्या वर्गात एकसारखी दोन मुलं कधी बसली नाहीत, आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही. त्यामुळे पुढे जे छर्र्यांचं प्रकरण घरात सुरू झालं, त्यात माझा गोंधळ उडाला तो स्वभावानेच उडाला असं मी बरेच दिवस धरून चालले होते.

पन्नाशी उलटल्यावर ह्यांनी पिस्तूल हातात घेतलं ते वानरांमुळे. वानरांनी बागेत उच्छाद मांडला होता, तेव्हा नुसता आवाज करून त्यांना पळवायला काही मिळतं का ते विचारायला हे रत्नागिरीतल्या नेमबाजीच्या रेंजवर गेले. वानरांचं काही झालं नाही, ती अजून आमच्या कौलांवर बसून आमचेच पेरू खातात. हे मात्र तिथे अडकले. हवेचं पिस्तूल ते. त्याला दारू लागत नाही. नळीखालच्या छोट्या टाकीत हवा दाबून भरलेली असते आणि ती हवा शिशाचा एक छर्रा पुढे ढकलते. छर्रा म्हणजे गोळी नव्हे, कमरेत आवळलेलं मसुराएवढं डमरू. दहा मीटरवर कागद लावायचा, एका हाताने पिस्तूल समोर धरायचं आणि कागदाच्या मधोमध शर्टाच्या बटणाएवढ्या जागेत तो छर्रा घालायचा. एवढाच खेळ. मला पहिल्या दिवशी वाटलं, यात काय बघायचं? पण हे उभे राहिले की बागेतल्या कलमासारखे उभे राहायचे, आणि कागदावर छिद्रांचा असा दाट पुंजका पडायचा की एकात एक छिद्र मिसळून जायचं. त्या पुंजक्याला हे लोक ग्रुप म्हणतात. आमच्या घरात ग्रुप हा शब्द त्यामुळे दोनच अर्थांनी वापरला जातो, एक मोबाइलवरचा आणि एक कागदावरचा.

ज्येष्ठांच्या गटात हे जिल्ह्यातर्फे राज्यस्पर्धेला जाऊन आले होते. पदक वगैरे नाही मिळालं, पण पाठीवर जिल्ह्याचं नाव असलेला टी-शर्ट मिळाला आणि तो हे लग्नाकार्यालासुद्धा घालून जातील अशी मला भीती होती. यंदाची निवड चाचणी जानेवारीत होती. आणि यंदाच्या पावसाळ्यात ह्यांचा ग्रुप फुटला.

फुटला म्हणजे छिद्रं पांगायला लागली. एक इथे, एक तिथे, एखादं तर पार कागदाच्या काठाला. हे रेंजवरून आले की कागदाची गुंडाळी काखेत लपवून आत जायचे. पहिल्याच आठवड्यात ह्यांनी निकाल देऊन टाकला: छर्रे खराब आलेत. नवीन डबा घेतला होता, त्याच्यात फरक आहे. सगळे छर्रे सारख्या वेगाने जात नाहीत, म्हणून एका जागी लागत नाहीत. यात पणाला काय होतं ते मलासुद्धा कळत होतं. दोष छर्र्यांत असला तर तो काढता येणार होता, जानेवारी गाठता येणार होती आणि पिस्तूल ह्यांच्या हातात राहणार होतं. दोष छर्र्यांत नसला तर काय, हे आमच्यात कोणीच बोलत नव्हतं.

माझी मस्करी माझ्याच अंगाशी येते हे सगळ्या नातेवाइकांना ठाऊक आहे. एकदा जेवताना मी म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. तीस-बत्तीस वर्षांत ह्यांना मी याहून वाईट बोलले असेन आणि हे हसले असतील. त्या दिवशी हे ताटावरून उठले. आमटी-भात तसाच. एवढ्याशा म्हणीवर माणूस उठतो? मी मागून हाक मारली, तर पडवीतून आवाज आला, पोट भरलं म्हणून. भरलं नव्हतं, कारण नंतर हे फडताळात चिवडा शोधत होते.

मग ह्यांना मोबाइलवर तो परदेशी म्हातारा सापडला. त्या देशात म्हणे लोक पिस्तुलाची काडतुसं घरच्या घरी भरतात. म्हातारा टेबलाशी बसून वाटाण्याएवढ्या चमच्याने दारू तोलायचा, काडतूस भरायचा, मग ते एका यंत्रासमोर उडवायचा, आणि यंत्र प्रत्येक गोळीचा वेग सांगायचं. सगळ्या गोळ्यांचा वेग जवळजवळ सारखा आला की म्हातारा कॅमेऱ्याकडे बघून हसायचा. आपल्याकडे असलं घरी करता येत नाही, आणि ह्यांच्या पिस्तुलाला त्याची गरजही नाही. पण ती म्हाताऱ्याची एकाग्रता ह्यांना इतकी आवडली की ह्यांनी सगळी साधना उचलून छर्र्यांवर आणली. मला बोलावून दाखवायचे. मला भाषा कळायची नाही, आकडे कळायचे नाहीत. मला फक्त म्हाताऱ्याचे हात दिसायचे. चमचा किती अलगद धरायचा तो.

सोनाराकडे असतो तसला छोटा इलेक्ट्रॉनिक तराजू आला. आंब्याचं शेड मोसम संपला की रिकामंच असतं. तिथे पेट्या ठोकायच्या टेबलावर हे रोज सकाळी बसायला लागले. चिमट्याने एकेक छर्रा उचलायचा, तराजूवर ठेवायचा, आकडा बघायचा, आणि पेढ्यांच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत वजनाप्रमाणे टाकायचा. खोक्यांवर ह्यांनी आंब्याच्या पेट्यांचीच मापं लिहिली होती: चार डझनी, पाच डझनी, सहा डझनी. मी हसून हसून बेजार झाले. हे म्हणाले, सवयीचे शब्द बरे, चुकायला होत नाही. एके दिवशी तर पातेल्यात पाणी घेऊन बसलेले. आंब्यात साका असेल, म्हणजे आतला गर पांढरा आणि फोपसा झालेला असेल, तर बाहेरून दिसत नाही, पण फळ पाण्यावर जरा वर येतं. तसा एखादा छर्रा आतून पोकळ आहे का ते हे पाण्यात बघत होते. संध्याकाळी मी विचारलं, काय निष्पन्न झालं? म्हणाले, बुडाले सगळे. शिशाचं दुसरं काय होणार?

रेंजवर एक तरुण प्रशिक्षक आहेत, त्यांना सगळे सर म्हणतात. एकदा बाजारातून परतताना मी ह्यांना घ्यायला तिथे थांबले होते. सरांनी ह्यांचा कागद बघितला, पिस्तूल बघितलं, आणि अगदी सहज म्हणाले, "काका, एकदा पिस्तूल वाइसमध्ये पकडून मारून बघा. हात नाही, नजर नाही. छर्रा खरा की खोटा ते एका कागदात कळेल." हे म्हणाले, हो हो, बघायलाच हवं. वाइस म्हणजे सुताराचा लोखंडी शिकंजा, फळी घट्ट धरून ठेवणारा. असा वाइस आमच्या शेडमध्ये, हे जिथे तराजू मांडून बसायचे, त्याच टेबलाच्या टोकाला बसवलेला आहे. मला वाटलं, घरी गेल्यावर हे आधी तेच करतील. ह्यांनी त्या वाइसवर छर्र्यांची खोकी रचून ठेवली.

मुलीने ठाण्याहून वेग मोजायचं यंत्र पाठवलं. बाबांचा वाढदिवस आणि दिवाळी मिळून. छोटीशी पेटी, दोन डोळे असलेली. त्या डोळ्यांवरून छर्रा गेला की पडद्यावर आकडा उमटतो. शेडच्या एका टोकाला कागद, त्यामागे वाळू भरलेली पेटी, दुसऱ्या टोकाला हे, आणि यंत्राशेजारी खुर्ची टाकून मी. आकडे मोठ्याने वाचायचं काम माझं. सेकंदाला एकशे पन्नास मीटरच्या आसपासचे आकडे यायचे, कधी वर, कधी खाली. जास्त फरक पडला की हे खूश व्हायचे. मला आधी कळेना की फरक पडला तर आनंद कसला? मग समजलं. फरक आहे म्हणजे दोष छर्र्यांत आहे.

गोंधळ खरा इथून सुरू झाला, कारण मी मास्तरीण आहे आणि समोर कागद दिसत होता. ह्यांनीच मला समजावलं होतं की जोरात गेलेला छर्रा जरा वर लागतो, हळू गेलेला जरा खाली. ठीक. पण छिद्रं तर डावी-उजवीकडे पांगत होती. शिवाय काही सकाळी आकडे अगदी जुळे यायचे आणि कागदाची चाळण व्हायची. उलट एका सकाळी आकडे वाट्टेल तसे उड्या मारत होते, आणि नेमके त्याच दिवशी पाच छर्रे एकमेकांना चिकटून लागले. मी सरांना फोन केला, ह्यांच्या नकळत. ते म्हणाले, मॅडम, दहा मीटरला एवढ्याशा फरकाने काही होत नाही. मग वेग मोजायचा कशाला? तर म्हणाले, मोजला की मनाला बरं वाटतं, शंका राहत नाही. ह्यांची शंका तर दिवसेंदिवस वाढत होती. मी ह्यांना डाव्या-उजव्या छिद्रांचं विचारलं. हे एकदम तडकले. तुला शास्त्र कळत नाही तर आकडे वाच, म्हणाले. मी दोन दिवस आकडे वाचले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच जाऊन खुर्चीत बसले, कारण शेडमधून नुसताच फट् असा आवाज यायचा आणि मग कितीतरी वेळ काहीच नाही. ती शांतता मला ऐकवेना.

डिसेंबरात थंडी पडली. बागायतदाराला थंडी हवीच असते. थंडीशिवाय कलमाला मोहोर येत नाही. हे पहाटे उठून झाडांखालून फिरायचे आणि शेंडे फुगलेत का बघायचे. पण त्याच दिवसांत यंत्राचे आकडे एकदम घसरले. सकाळी एक वेग, दुपारी दुसरा. हे डोक्याला हात लावून बसले. आणि मी न्हाणीघरात गेले तर खोबरेल तेलाची बाटली थिजलेली. उपडी केली तरी थेंब पडेना. मी बाटली घेऊन तशीच शेडमध्ये गेले.

त्याचं असं होतं, की पावसाळ्यात शिसं पांढरं पडतं म्हणून ह्यांनी सगळ्या छर्र्यांना खोबरेल लावून ठेवलं होतं. खास मिळतं ते तेल नव्हे, घरचं, आमच्याच नारळाचं. आमच्याकडे विंचू चावला तरी खोबरेल आणि दार कुरकुरलं तरी खोबरेल. तेच तेल थंडीत प्रत्येक छर्र्यावर कमीअधिक थिजून बसलं होतं. हे बाटलीकडे बघत राहिले आणि मग इतके हसले, इतके हसले की मला वाटलं, आता हे रडतात की काय. म्हणाले, सापडलं. बाजारात जाऊन सुरमई घेऊन आले. जेवताना तीनदा म्हणाले की खोबरेल, मेलं खोबरेल. त्या दुपारी मला घर खूप दिवसांनी आमचं वाटलं. मला एवढा आनंद कसला झाला होता ते मला नीट सांगता येत नाही. कोणी तरी आजारी असावं आणि साधी अपचनाची तक्रार निघावी, तसं वाटत होतं.

रिठ्याच्या पाण्यात मी सगळे छर्रे धुतले, जसे दागिने धुवावेत तसे. पंच्यावर पसरून उन्हात वाळवले, हलक्या हाताने उलटेपालटे केले. ह्यांनी पुन्हा एकेक तोलला. दुसऱ्या दिवशी आकडे वाचताना माझा आवाज चढत गेला. सारखे. अगदी सारखे. पहाटे सारखे, दुपारी सारखे. त्या परदेशी म्हाताऱ्यालाही आले नसतील असे. मी शेवटचा आकडा वाचून उठले आणि कागद बघायला गेले.

कागदावर छिद्रं पांगलेलीच होती.

मला त्या क्षणी काही म्हणजे काही कळेना. आधी वाटलं, मी जुना कागद बघतेय. ह्यांच्याकडे बघितलं, तर हे पिस्तूल टेबलावर ठेवून उजवा हात खिशात घालून उभे. आता लिहिताना मला वाटतं, तो हात खिशात बरेच महिने होता. मला दिसत होतं आणि कळत नव्हतं. बशीत कप किणकिणायचा. मी म्हटलं, चहा कमी भरते. सही बारीक व्हायला लागली होती. मी म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढला. छर्रे उचलायचा चिमटा हे डाव्या हाताने धरायचे. मी म्हटलं, डावा हातही तयार करतायत, पेपरात येतं ना, मेंदूला चांगलं असतं म्हणून. आयुष्यभर मुलांच्या वह्यांतल्या चुका शोधणारी बाई मी. घरातल्या प्रत्येक खुणेला माझ्याकडे एकेक चांगलं उत्तर तयार होतं.

तेव्हा मात्र मला हे काहीच सुचलं नाही. मला सुचला तो वाइस. चाचणी आठवड्यावर आली होती आणि मी वैतागले होते. काखेत कळसा नि गावाला वळसा, मी म्हटलं, सरांनी केव्हाचं सांगितलंय. मी खोकी उचलून बाजूला ठेवली. हे म्हणाले, "हात दाखवून अवलक्षण कशाला?" मी म्हटलं, अहो, एकदा खरं-खोटं होऊन जाऊ दे. हे माझ्याकडे बघत राहिले. मग ह्यांनी जुन्या गोणपाटाच्या दोन घड्या केल्या, पिस्तुलाला ओरखडा पडू नये म्हणून त्यांत ते गुंडाळलं आणि वाइसच्या जबड्यात ठेवलं. दांडी फिरवून आवळायचं काम मला सांगितलं. मी आवळलं. मग म्हणाले, चाप पण तूच ओढ. सावकाश.

मी आयुष्यात पहिल्यांदा पिस्तूल उडवलं ते असं, लोखंडाच्या हातातलं. हे छर्रा भरून द्यायचे आणि मी चाप ओढायची. दहा झाले. मी धावत कागदाकडे गेले. पहिल्यांदा वाटलं, एकच छर्रा लागला आणि बाकीचे बाहेर गेले. मग नीट बघितलं. दहाही छर्रे एकाच छिद्रातून गेले होते. शर्टाचं बटण कसलं, आतल्या चड्डीच्या नाडीचं भोक म्हणावं एवढं छिद्र.

आणि मी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या, शाळेच्या स्नेहसंमेलनात वाजवायचे तशा. कागद नाचवत आले आणि म्हटलं, बघा, छर्रे उत्तम आहेत, पिस्तूल उत्तम आहे, काही म्हणजे काही दोष नाही.

हे टेबलाच्या कडेला टेकले होते. उजवा हात खिशातून बाहेर काढला होता आणि टेबलावर ठेवला होता. तो हात जरा जरा हलत होता, पानावरून थेंब पडून गेल्यावर पान हलत राहतं तेवढाच. हे म्हणाले, "अगो, म्हणजे आता मीच उरलो."

टाळी वाजवलेले हात कुठे ठेवावेत ते मला कळेना. मी बोलत सुटले. म्हटलं, थंडी आहे, थंडीने हात आखडतो. उद्या ऊन वर आल्यावर बघू. म्हटलं, तुम्ही दमलाय, पहाटे बागेत जाता. म्हटलं, हे छर्रे संपले की दुसऱ्या कंपनीचे आणू, सरांना विचारू, यंत्रच खोटं असेल, मुलीने कुठून घेतलं कोण जाणे. इतके महिने हे कारणं शोधत होते आणि मी हसत होते. आता माझ्या तोंडून कारणं संपत नव्हती. ह्यांनी मला सगळं बोलू दिलं. मग अगदी हळू म्हणाले, "वेग सारखा आलाय गो." तेवढंच. मी शेडच्या दारात जाऊन उभी राहिले आणि रडले. बाहेर कलमांना मोहोर यायला लागला होता आणि मला त्याचा वास नकोसा झाला होता.

निवड चाचणीला हे गेले नाहीत. त्याच आठवड्यात आम्ही मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. निघताना शर्टाची वरची बटणं मी लावली. ह्यांनी लावू दिली. डॉक्टर तरुण होते, घाईत नव्हते. त्यांनी ह्यांना दोन्ही हात पुढे करून धरायला सांगितलं, मग अंगठा आणि बोट भराभर जुळवायला सांगितलं, मग खोलीत चालायला सांगितलं. हे सांगितलेलं सगळं परीक्षेला बसल्यासारखं करत होते. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, आपल्याकडे कंपवात म्हणतात तो. औषधं आहेत म्हणाले, बऱ्यापैकी उपयोग होतो म्हणाले. मग लिहून घेताना सहज विचारलं, केव्हापासून जाणवतंय?

मला उत्तर माहीत होतं. मी म्हटलं, पावसाळ्यापासून, कागदावरची छिद्रं पांगायला लागली तेव्हापासून. डॉक्टरांना छिद्रांचं काही कळलं नाही. मी ते समजावून सांगणार एवढ्यात हे म्हणाले, "नाही. त्याच्या आधीपासून. आंब्याच्या मोसमात. फळ हातावर घेतलं की हात थांबेना, वजन कळेना."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. मी ह्यांच्याकडे बघितलं; हे टेबलावरच्या कागदाकडे बघत होते. म्हणजे हे आधीपासून होतं. सोनाराचा तराजू, पाण्याचं पातेलं, ते यंत्र, खोबरेल, सुरमई, सगळं त्याच्या नंतरचं. ह्यांना ठाऊक होतं, तर मग छर्र्यांवर इतका विश्वास ठेवला कसा? की ठेवलाच नव्हता, आणि नुसते माझ्यासमोर बसून एकेक छर्रा तोलत होते? मी अजून ह्यांना हे विचारलेलं नाही. विचारलं तर हे सांगतील, आणि मला नक्की कोणतं उत्तर हवंय ते माझं मला ठरवता येत नाही.

रिक्षात बसल्यावर मला ती गेल्या मोसमातली सकाळ आठवली. ह्यांनी पाट सरकवून दिला होता आणि म्हणाले होते, तू भर. मी भरत होते आणि हे शेजारी हात मांडीखाली घेऊन बसले होते. प्रत्येक पेटीनंतर मी वर बघायची, आता उपसतील म्हणून, आणि हे नुसती मान हलवायचे. मला वाटलं होतं, मी पास झाले.